अनाहूत टपाल

जबलपूर शहरातील ओमती हा जुना, दाट वस्तीचा आणि दिवसभर गजबजलेला भाग आहे. याच नावाचा नाला शहरातून वाहतो. 1798 ते 1817 या काळात जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. त्या काळी, आणि पुढे इंग्रजी अमदानीत नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली. बाहेर हिंदी आणि घरात मराठी असा त्यांचा व्यवहार असतो. टपालाला बाहेर ‘डाक’ म्हणायचे आणि पोस्टमनला ‘डाकिया’; पण दिवाळीच्या सुमारास वाट पाहायची ती मराठी दिवाळी अंकाची! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिचा एक धागा टपालाच्या थैलीतून महाराष्ट्राबाहेरच्या अशा घरांपर्यंत येऊन पोहोचतो.

अशा एखाद्या घराची जिन्याखालची पत्रपेटी डोळ्यांसमोर आणावी. आठवड्याने ती उघडली, तर तिच्यात काय काय सापडते? शिकवणी वर्गाची गुळगुळीत कागदावरची पुस्तिका. नव्या गृहयोजनेचे रंगीत पत्रक. ‘केवळ आपल्यासाठी’ असे छापलेले, पण हजारो घरी गेलेले क्रेडिट कार्डाचे निमंत्रण. दहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाचा लिफाफा. चार समभागांपायी आलेला दोनशे पानांचा वार्षिक अहवाल. या ढिगातच एक लग्नपत्रिका असते, दिवाळी अंक असतो आणि बँकेचे एक साधे, पातळ पत्रही असते. त्यात तीनच ओळी असतात: ‘आपली ओळखीची कागदपत्रे अमुक तारखेपर्यंत शाखेत सादर करावीत, अन्यथा खात्यातील व्यवहारांवर मर्यादा येतील.’

चकचकीत कागदांच्या मध्ये अडकलेले ते पातळ पत्र रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते, म्हणतात ते असे. पुढच्या महिन्यात घरातील वृद्ध माणूस निवृत्तिवेतन काढण्यासाठी बँकेत जातो, तेव्हा पैसे निघत नाहीत. औषधे घ्यायची असतात, दूधवाल्याचे द्यायचे असतात. चूक कोणाची, हे त्या क्षणी कळत नाही. नको असलेल्या टपालाचा खरा प्रश्न येथे आहे. त्याने घरात कचरा होतो हे खरेच. परंतु हव्या असलेल्या टपालाला ते झाकून टाकते, हे त्याहून गंभीर आहे.

अनाहूत म्हणजे काय?

‘आहूत’ म्हणजे बोलावलेला आणि ‘अनाहूत’ म्हणजे न बोलावता आलेला. न मागता, न विचारता, बहुधा विक्रीच्या हेतूने पाठवलेल्या टपालाला अनाहूत टपाल म्हणता येईल. त्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार निव्वळ जाहिरातीचा. ती खोटी असतेच असे नाही; ती फक्त त्या घराच्या उपयोगाची नसते. दुसरा प्रकार चुकीच्या पत्त्याचा. जुने भाडेकरू, स्थलांतरित झालेले नातेवाईक किंवा दिवंगत व्यक्ती यांच्या नावे ते येत राहते. तिसरा प्रकार फसव्या टपालाचा. तो सर्वांत धोकादायक असतो, कारण त्याचे रूप महत्त्वाच्या पत्रासारखे असते.

या तिन्ही प्रकारांवर एकच उपाय चालत नाही. पहिला थांबवावा लागतो, दुसरा परत करावा लागतो आणि तिसरा ओळखावा लागतो.

पत्ता सापडतो कसा?

टपालाने माल विकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने 1872 मध्ये वस्तूंची किमतींसह यादी छापून ती दूरच्या शेतकऱ्यांना पाठवली. गावातल्या एकमेव दुकानावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला ती यादी उपकारकच वाटली. भारतातही औषधे, घड्याळे, बियाणे आणि पुस्तके यांचा व्यापार टपालाच्या आधाराने वाढला. म्हणजे जाहिरातीचे टपाल मुळात वाईट नव्हते. मागणाऱ्याला पाठवण्याऐवजी, ज्याचा पत्ता हाती लागेल त्याला पाठवण्याची पद्धत पडली, तेव्हा ते नकोसे झाले.

पत्ता हाती लागणे आता सोपे झाले आहे. भारतातील टपालाचा पत्ता नेमका करण्याचे मोठे काम श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केले. संस्कृतचे पंडित आणि कवी असलेल्या वेलणकरांच्या योजनेनुसार 15 ऑगस्ट 1972 पासून सहा आकडी पिनकोड वापरात आला. त्यातील पहिला आकडा विभाग दाखवतो; 4 या आकड्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात. जबलपूरचे टपाल 482 वरून ओळखता येते. शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे असतात. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिपी आणि अपुरे पत्ते यांतून पत्र नेमक्या ठिकाणी जावे, यासाठी ही व्यवस्था निर्माण झाली. तीच व्यवस्था विक्रेत्यालाही उपयोगी पडली. कोणत्या वस्तीत कोणती जाहिरात पाठवावी, हे त्याला आकड्यांवरून ठरवता येऊ लागले. पुढे टपाल खात्यानेच ‘डायरेक्ट पोस्ट’ या नावाने, नाव-पत्ता नसलेली जाहिरातपत्रके ठरलेल्या भागात घरोघरी पोहोचवण्याची सेवा सुरू केली.

मात्र बहुतेक वेळा पत्ता माणूस स्वतःच देत असतो. जत्रेत किंवा प्रदर्शनात सोडतीची चिठ्ठी भरून पेटीत टाकली जाते. दुकानात देयक करताना विचारलेला मोबाइल क्रमांक सवयीने सांगितला जातो. मिक्सरच्या हमीपत्रावर जन्मतारीख, शिक्षण आणि उत्पन्नही लिहिले जाते. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आपणास आमच्या योजनांची माहिती पाठवण्यास संमती आहे’ असे वाक्य असते आणि त्यापुढच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते. ते वाक्य न वाचता सही केली, की अनाहूत टपालाला दार उघडले जाते. मग ते टपाल कायद्याच्या भाषेत ‘अनाहूत’ राहत नाही. सही करणाऱ्यानेच त्याला बोलावलेले असते!

दारातले टपाल कसे कमी करावे?

पहिला उपाय पत्ता देण्याच्या वेळीच करायचा असतो. अर्जातील जी माहिती कामासाठी आवश्यक नाही, ती भरू नये. आधीच केलेली संमतीची खूण खोडावी. दुकानदाराने मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरला, तर नम्रपणे नकार द्यावा. ग्राहकाने क्रमांक दिल्याशिवाय देयक देता येत नाही असे सांगून अडवणूक करू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांसाठी काढली आहे. नकार देणारा ग्राहक उद्धट नसतो. तो आपला हक्क बजावत असतो.

दुसरा उपाय पाठवणाऱ्याला कळवण्याचा आहे. टपालावर पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता असतो. त्याला थोडक्यात पत्र लिहावे: ‘माझे नाव आणि पत्ता आपल्या जाहिरातीच्या यादीतून कमी करावा. आपल्या योजनांची माहिती मला नको आहे.’ पत्रावर तारीख घालावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. बँक किंवा विमा कंपनी असेल, तर हेच शाखेत लेखी देऊन पोहोच घ्यावी. तोंडी तक्रारीची आठवण राहत नाही. लेखी विनंतीचे उत्तर द्यावे लागते.

तिसरा उपाय आवश्यक कागदांचे रूप बदलण्याचा आहे. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2011 मध्ये कंपन्यांना भागधारकांकडे वार्षिक अहवाल ईमेलने पाठवण्याची मुभा दिली. भागधारकाने ईमेलचा पत्ता नोंदवला, की दोनशे पानांचा ग्रंथ दरवर्षी दारात येत नाही. बँकेचे खातेउतारेही असे मागवता येतात. परंतु घरातील वृद्धांना संगणक किंवा मोबाइल सहज वापरता येत नसेल, तर त्यांचे महत्त्वाचे कागद टपालानेच येऊ द्यावेत. टपाल कमी करण्याच्या उत्साहात हवे ते टपाल बंद होऊ नये.

चौथा उपाय चुकीच्या पत्त्याच्या टपालासाठी आहे. दुसऱ्याच्या नावाचा लिफाफा उघडू नये आणि फाडून टाकूही नये. त्यावर ‘ही व्यक्ती येथे राहत नाही’ असे लिहून तो पोस्टमनकडे परत द्यावा. दिवंगत व्यक्तीच्या नावे बँक किंवा कंपनीकडून पत्रे येत असतील, तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून त्यांना कळवावे. असे प्रत्येक पत्र घरच्यांच्या दुःखाला पुन्हा स्पर्श करते. शिवाय त्या नावाचे एखादे खाते बंद करायचे राहून गेले असल्याचेही त्यातून कळते.

स्वतःच्या नावाचे टपालही नाकारता येते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पोस्टमन ते परत नेतो. येथे मात्र सावध असावे. न्यायालयाचा समन्स, वकिलाची नोटीस किंवा बँकेची कर्जवसुलीची सूचना नाकारली, तर ती मिळालीच नाही असे पुढे म्हणता येत नाही. नाकारलेली नोटीस कायद्याच्या दृष्टीने सामान्यतः बजावली गेली असेच मानले जाते. म्हणून सहीने येणारे टपाल आधी घ्यावे, वाचावे आणि मग काय करायचे ते ठरवावे. अशा टपालासाठी पूर्वी असलेली नोंदणीकृत टपालाची वेगळी सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, हेही लक्षात ठेवावे.

वर्तमानपत्रात घालून येणारी पत्रके टपालाने येत नाहीत. त्यांच्यासाठी पेपर टाकणाऱ्याशीच बोलावे लागते. मोठ्या इमारतीत रहिवाशांनी मिळून फाटकाशी एक सूचना लावली आणि पत्रकांसाठी वेगळी टोपली ठेवली, तर प्रत्येक दारात कागद अडकवले जात नाहीत. ज्याला हवे, तो टोपलीतून घेतो.

हे सारे करूनही काही कागद येणारच. त्यांतील नाव, खाते क्रमांक आणि सही असलेला भाग बारीक फाडावा आणि उरलेला कागद रद्दीत द्यावा. भजी किंवा पोहे अशा कागदात बांधू नयेत. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2016 मध्येच दिला आहे. कागद उघड्यावर तर मुळीच टाकू नये. पावसाळ्यात तो वाहत जाऊन गटारात आणि नाल्यात अडकतो. दाट वस्तीत तुंबलेल्या नाल्याचे पाणी कोणाच्या घरात शिरते, हे नाल्याकाठी राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

पत्रपेटीतून खिशात

आज अनाहूत टपालाचा मोठा भाग मोबाइलवर येतो. 3 मे 1978 रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे 400 जणांना एकाच वेळी संगणकावरून जाहिरात पाठवली. या प्रकारचा तो पहिला संदेश मानला जातो. त्या वेळीही तो मिळालेल्यांनी नाराजी व्यक्त केली होती. कागदाच्या पत्राला छपाई आणि टपालखर्च लागतो. म्हणून पाठवणारा थोडा तरी विचार करतो. संगणकावरून एक संदेश पाठवायला आणि लाख पाठवायला जवळजवळ सारखाच खर्च येतो. म्हणून तेथे हात आखडत नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, 2007 मध्ये जाहिरातीचे फोन नको असणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुढे 2010 आणि 2018 मध्ये नियम अधिक कडक झाले. 1909 या क्रमांकावर फोन करून किंवा संदेश पाठवून जाहिराती पूर्ण बंद करता येतात. विमा-बँका, घरे-जमिनी, शिक्षण, आरोग्य अशा वर्गांतील निवडक जाहिरातीही बंद करता येतात. नोंद करूनही फोन आला, तर त्याच क्रमांकावर तक्रार करता येते. 2025 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते. त्याच दुरुस्तीनुसार संदेश पाठवणाऱ्याच्या सांकेतिक नावाशेवटी एक इंग्रजी अक्षर येऊ लागले आहे: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’. जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे असतात, तर बँका आणि विमा कंपन्या यांच्या सेवाविषयक फोनसाठी 1600 ने सुरू होणारे क्रमांक ठरवले आहेत. एवढी अक्षरे आणि आकडे ओळखता आले, तरी बरीच निवड होते.

ईमेलसाठी भारतात असा वेगळा कायदा नाही. तेथे नोंदणी रद्द करण्याचा दुवा उपयोगी पडतो. मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांनी असा सोपा दुवा दिलाच पाहिजे, अशी अट जीमेल आणि याहू यांनी 2024 पासून घातली आहे. मात्र पाठवणारा ओळखीचा असेल तरच त्या दुव्याचा उपयोग करावा. अनोळखी पत्रातील कोणताही दुवा दाबू नये. त्यामुळे पत्ता चालू आहे हे पाठवणाऱ्याला कळते आणि टपाल कमी होण्याऐवजी वाढते.

विश्वासाने फसवणारे टपाल

एकोणिसाव्या शतकात ठगांचा बंदोबस्त करणारे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांचे मुख्य ठाणे जबलपूरला होते. सरकारी नोंदींत ठगांची रीत वर्णिलेली आहे. ते एकदम हल्ला करत नसत. आधी वाटसरूशी गोड बोलत, सोबत चालत, विश्वास संपादन करत आणि मग घात करत. फसव्या टपालाची रीतही अशीच आहे.

‘आपणास मोटार बक्षीस लागली आहे’ असे पत्र येते. सोबत खरवडायचे कार्ड असते. ते खरवडले, की बक्षीस निघतेच. मग कर किंवा शुल्क म्हणून आधी काही रक्कम भरण्यास सांगितले जाते. ‘तुमचे खाते आज रात्री बंद होईल’ असा संदेश घाबरवतो आणि एका दुव्यावर बोट ठेवायला लावतो. लोभ किंवा भीती यांपैकी एक आणि त्याच्या जोडीला घाई, या खुणा दिसल्या, की पत्र बाजूला ठेवावे. वर उल्लेख केलेले बँकेचे खरे पत्र आठवावे. ते शाखेत बोलावते, मुदत देते. गुप्त क्रमांक विचारत नाही आणि पैसे मागत नाही. तरीही शंका वाटली, तर पत्रातील क्रमांकावर फोन न करता बँकेत स्वतः जाऊन विचारावे. संशयास्पद फोन आणि संदेश यांची माहिती सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीद्वारे देता येते. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाते, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

नकार आणि संमती

नको असलेल्याने ‘नको’ म्हणावे, की पाठवणाऱ्याने आधी ‘हवे का?’ असे विचारावे? या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे दिले आहे. जर्मनीत पत्रपेटीवर ‘कृपया जाहिराती नकोत’ अशी चिठ्ठी लावण्याची रीत आहे. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहराने 2018 मध्ये ही रीत उलटी केली. ज्या पत्रपेटीवर ‘हो’ अशी चिठ्ठी असेल, तेथेच पत्ता नसलेली जाहिरातपत्रके टाकावीत, असा नियम झाला. पूर्वी मौनाचा अर्थ संमती असा घेतला जात होता. नव्या नियमाने मौनाचा अर्थ नकार असा झाला.

भारतातही विचार त्या दिशेने जात आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माणसाची माहिती वापरण्यासाठी घेतलेली संमती मोकळी, स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरती असली पाहिजे. संमती जितक्या सहजतेने दिली, तितक्याच सहजतेने ती परत घेता आली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. परंतु कायदा कितीही चांगला असला, तरी सही करण्यापूर्वी मजकूर वाचण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

ज्याला वाचता येत नव्हते, त्याला एकेकाळी आलेले प्रत्येक पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. वाचता येऊ लागले, की माणूस त्या परावलंबनातून सुटतो. पण अक्षरे लावता येणे ही पहिली पायरी आहे. आलेल्या मजकुरातील काय ठेवावे, काय परत करावे आणि कशावर विश्वास ठेवू नये, हे ठरवता येणे ही पुढची पायरी. या विवेकाने आठवड्यातून एकदा पत्रपेटीजवळ दहा मिनिटे घालवली, तर रद्दीचा गठ्ठा लहान होतो, बँकेचे पातळ पत्र वेळेवर हाती येते आणि दिवाळी अंकही हरवत नाही.

शब्दार्थ

अनाहूत – न बोलावता आलेले
अमदानी – राजवट
समभाग – कंपनीच्या भांडवलातील हिस्सा
दिवंगत – मृत्यू पावलेले
पोहोच – कागद मिळाल्याची लेखी खूण
परावलंबन – दुसऱ्यावर अवलंबून असणे
विवेक – बरे-वाईट निवडण्याची बुद्धी

स्वाध्याय

1. अनाहूत टपालाचे तीन प्रकार कोणते? प्रत्येकावरील उपाय एका वाक्यात लिहा.
2. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण पाठात कोणत्या प्रसंगासाठी वापरली आहे?
3. न्यायालयाचे टपाल घेण्यास नकार देणे योग्य का नाही?
4. जाहिरातीच्या यादीतून आपले नाव कमी करण्याची विनंती करणारे पत्र लिहा.
5. आपल्या घरी एका आठवड्यात आलेले टपाल आणि संदेश यांची ‘हवे’, ‘नको’ आणि ‘संशयास्पद’ अशा तीन रकान्यांत नोंद करा.